निद्रा की विषबाधा? अफूजन्य औषधांविषयी थोडेसे

१९२०च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगार वस्त्यांत तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देऊन निजवीत. सातारा जिल्ह्यातील अनेक कुटुंबे त्या काळी गिरणगावात होती. मूल शांत निजले आहे की विषबाधेने गुंगले आहे, हे ओळखणे कठीण असे. आज सातारा-सांगली परिसरात कर्करोगाच्या रुग्णास घरी मॉर्फिन देणाऱ्या नातेवाइकांपुढेही तोच प्रश्न उभा राहतो.

योग्य मात्रेतील मॉर्फिन सुरक्षित आहे. भीतीपोटी वेदना सोसत राहावे, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. परंतु हाक मारून वा खांदा हलवूनही जाग न येणे, श्वास अतिमंद होणे, घशात घरघर, ओठ निळसर आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, ही निद्रा नव्हे. तत्काळ १०८ क्रमांकावर कळवावे. श्वास चालू असल्यास रुग्णास कुशीवर वळवावे, थांबल्यास कृत्रिम श्वास द्यावा. लिंबूपाणी वा कॉफी पाजू नये.

नॅलॉक्झोनच्या इंजेक्शनाने श्वास बहुधा काही मिनिटांत सुधारतो. मात्र त्याचा प्रभाव अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, मॉर्फिनचा अधिक काळ टिकतो. ‘शुद्धीवर आले, आता घरी नेतो’ हा आग्रह म्हणूनच घातक ठरतो.

चुकलेल्या मात्रेपोटी दुप्पट गोळ्या देऊ नयेत. मद्य व झोपेच्या गोळ्या वर्ज्य. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांस आधी सांगावे. फेंटानिलची पट्टी लावलेली जागा शेकू नये. आणि औषध नातवंडांच्या हाती लागू नये म्हणून कुलपातच ठेवावे.