सौर निर्लवणीकरण

सौर निर्लवणीकरण : सूर्याच्या उष्णतेने खाऱ्या पाण्याची वाफ करून व ती निववून गोडे पाणी मिळविण्याच्या क्रियेस सौर निर्लवणीकरण म्हणतात. जेथे भूजल खारे असते, इंधन व वीज दुर्मिळ असतात, मात्र ऊन विपुल असते अशा दुर्गम प्रदेशांत ही पद्धत उपयुक्त ठरते.

रचना व कार्य : तळाला काळा रंग दिलेल्या उथळ, जलाभेद्य कुंडात खारे पाणी भरून त्यावर उतरते काचेचे छप्पर बसवितात. काचेतून आत आलेले सूर्यप्रकाशाचे प्रारण काळा तळ शोषून घेतो व पाणी तापते. पाण्याची वाफ तुलनेने थंड काचेच्या आतील बाजूवर निवते व तिचे थेंब ओघळून पन्हळीत जमतात. क्षार मात्र कुंडातच राहतात.

इतिहास : चिलीतील लास सालिनास येथे चार्ल्स विल्सन यांनी १८७२ मध्ये असे मोठे संयंत्र उभारले. नायट्रेटाच्या खाणीवरील खेचरांसाठी त्यातून रोज २३,००० लि.पर्यंत पाणी मिळे. भारतात भावनगर येथील केंद्रीय लवण व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९७८ मध्ये जवळच्या अवाणिया गावी रोज ५,००० लि. क्षमतेचे संयंत्र उभारले. त्याचे क्षेत्रफळ सु. १,८७० चौ. मी. होते.

मर्यादा : एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनास सु. २,४०० किलोजूल उष्णता लागते. निरभ्र दिवशी एक चौ. मी. पृष्ठावर सु. २०,००० किलोजूल ऊर्जा पडते. ती सर्व वापरता आली, तरी सु. ८ लि.च पाणी मिळेल. काच व तळ यांमधून होणाऱ्या उष्णताव्ययामुळे प्रत्यक्षात २ ते ४ लि. मिळते. त्यामुळे दहा माणसांच्या रोजच्या ४० लि. पाण्यासाठी सु. १५ चौ. मी. कुंड लागते. शेतीसाठी ही पद्धत परवडत नाही. ढगाळ दिवसांत उत्पादन घटते, म्हणून साठवणटाकी आवश्यक असते. काचेवर पडणारे पावसाचे पाणीही टाकीत घेता येते.

मोठ्या वस्तीस व्युत्क्रमी तर्षण पद्धत अधिक सोयीची असते. परंतु तिला पंप, पटले व कुशल कामगार लागतात. सौर संयंत्रास कुशल कामगार लागत नसले, तरी नित्य देखभाल लागते. काचेवरील धूळ पुसणे, साचलेले क्षार व शैवले काढणे आणि सांध्यांतील फटी बुजविणे ही कामे थांबल्यास वाफ निसटते व उत्पादन झपाट्याने घटते. म्हणून अशी योजना आखताना उन्हाइतकाच देखभाल करणाऱ्या गावकऱ्यांचाही विचार करावा लागतो.