ज्येष्ठातील गणितशाळा

मे महिन्यात, महाविद्यालयांच्या वर्गखोल्यांना कुलपे लागलेली असताना आणि परीक्षेच्या धास्तीतून सुटलेला विद्यार्थीवर्ग आपापल्या गावी पांगलेला असताना, देशातील काही थोड्या संस्थांच्या आवारांत पदवीचे विद्यार्थी फळ्यासमोर उभे राहून गणितातील सिद्धता नव्याने रचीत असतात, हे वृत्त आमच्या संपादकांच्या कानी आले आणि त्यावर सविस्तर लिहिण्याची कामगिरी त्यांनी माझ्याकडे सोपविली. उन्हाळी वर्ग म्हटले की हल्ली प्रवेशपरीक्षांची घाईगर्दीची तयारी, रस्तोरस्ती लागलेले फलक आणि त्यांवर ओळीने मांडलेली यशस्वी उमेदवारांची छायाचित्रे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. येथे त्यातले काहीही नव्हते. जे होते ते पाहून मनाला जितका आनंद झाला, तितकीच एक काळजीही लागून राहिली. त्या दोहोंचा वृत्तांत पुढे दिला आहे.

या उपक्रमाचे नाव ‘मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च’ असे असून विद्यार्थ्यांच्या तोंडी ते ‘एम.टी.टी.एस.’ या आद्याक्षरांनीच रूढ आहे. मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागात त्या वेळी प्राध्यापक असलेल्या आणि पुढे हैदराबाद विद्यापीठात गेलेल्या एस. कुमारेसन यांनी 1993 साली त्याची सुरुवात केली, आणि अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली 1983 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाने त्याच्या खर्चाची तरतूद केली. चार आठवड्यांची मुदत आणि तीन पायऱ्या: पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्यांसाठी शून्य, तिसऱ्या वर्षासाठी एक आणि पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्या वर्षासाठी दोन. वास्तव विश्लेषण, रेषीय बीजगणित, अमूर्त बीजगणित, भूमिती आणि संस्थिती हे मुख्य विषय. अशा उन्हाळी शाळांची कल्पना आपल्याकडे अगदीच अपरिचित होती असे नाही; राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शोध योजनेतील शिष्यवृत्तिधारकांसाठी 1960 च्या दशकापासूनच उन्हाळी शाळा भरत असत, आणि त्याहीपूर्वी, 1957 साली, अर्नोल्ड रॉस यांनी अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात शाळकरी मुलांसाठी संख्या सिद्धांताचा उन्हाळी वर्ग काढला होता. दप्तरी इतिहास एवढा पुरे. या शाळेचे मर्म तिच्या स्थापनेच्या ठरावात सापडत नाही, वर्गातील एका तासात सापडते.

तो तास मला पाहावयास मिळाला. पहिल्याच बाकावर बसलेल्या एका विद्यार्थ्याला अध्यापकांनी फळ्यापाशी बोलाविले आणि एक विधान सिद्ध करावयास सांगितले: प्रत्येक अभिसारी क्रमिका परिबद्ध असते. ज्यांचा गणिताशी परिचय सुटून गेला आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, संख्यांची जी अनंत ओळ पुढे जाता जाता एका ठरावीक संख्येच्या, म्हणजे आपल्या सीमेच्या, हव्या तितक्या निकट येऊन तेथेच राहते ती अभिसारी, आणि जिची सर्व पदे कोणत्या तरी दोन ठाम मर्यादांच्या आतच राहतात ती परिबद्ध. विधान इतके सरळ आहे की त्याची सिद्धता पाठ करून परीक्षेत उतरविणे कोणत्याही मध्यम विद्यार्थ्याला साधते, आणि या विद्यार्थ्यालाही ती पाठ होती. त्याने ती चार ओळींत झरझर लिहिली आणि खडू खाली ठेवला.

अध्यापकांनी तिला बरोबर अथवा चूक यांपैकी काहीच म्हटले नाही. आधी त्यांनी चित्र काढावयास सांगितले. संख्यारेषा, तिच्यावर सीमेची संख्या आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक एककाचे अंतर. मग विचारले, कोणती पदे या पट्ट्याच्या आत आहेत? विद्यार्थी म्हणाला, एका टप्प्यापुढची सगळी. आणि बाहेर किती राहू शकतात? सुरुवातीची काही. ‘काही’ म्हणजे किती? येथे तो अडखळला, कारण त्याच्या पाठ केलेल्या सिद्धतेत या ठिकाणी ‘उरलेल्या पदांतील सर्वांत मोठे घेऊ’ असे वाक्य होते आणि त्या वाक्याचा आधार काय हे त्याला आजवर कोणी विचारलेच नव्हते. वर्गात शांतता पसरली. अध्यापकांनी ती मोडली नाही. उत्तर सांगून मोकळे होण्याचा मोह ज्याला आवरतो त्यालाच या पद्धतीने शिकविता येते, हे मला तेव्हा कळले. शेवटी मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, अनंत पदे उरली असती, तर सर्वांत मोठे पद असेलच कशावरून?” आणि तिने स्वतःच उदाहरण दिले: अर्धा, दोन तृतीयांश, तीन चतुर्थांश, चार पंचमांश, अशी ओळ, जिच्यात प्रत्येक पदापेक्षा पुढचे पद मोठे आहे आणि म्हणून सर्वांत मोठे असे कोणतेच नाही. फळ्यापाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने खडू पुन्हा उचलला आणि आपल्या सिद्धतेत एकच शब्द घातला, ‘सांत’. त्या एका शब्दावर सगळी सिद्धता उभी होती, आणि ती त्याच्या वहीत वर्षभर त्या शब्दाशिवाय पडून होती.

तास तेथेच संपला नाही. उलट विधान खरे आहे काय, असा प्रश्न आला. एक, उणे एक, एक, उणे एक, अशी अखंड दोलायमान राहणारी क्रमिका परिबद्ध असूनही कोठेच स्थिरावत नाही, हे उदाहरण वर्गाने दिले. मग दोन अभिसारी क्रमिकांचा पदोपदी गुणाकार केला तर त्याची सीमा ही सीमांचा गुणाकार असते, हे पुढचे विधान निघाले. आता दोन गुणाकारांतील फरक तपासावयाचा, परंतु त्यात दोन गोष्टी एकदमच बदलत असल्यामुळे हाताला काहीच लागत नाही. अशा वेळी पहिल्या क्रमिकेचे पद आणि दुसरीची सीमा यांचा गुणाकार एकदा वजा करावयाचा आणि लगेच मिळवावयाचा. मूळ राशीत तिळमात्र बदल होत नाही, मात्र फरकाचे दोन सुटे तुकडे पडतात आणि प्रत्येकात एकच गोष्ट बदलत राहते. या युक्तीला एम.टी.टी.एस.च्या परंपरेत ‘कढीपत्ता’ म्हणतात: फोडणीत घालावयाचा, स्वाद घ्यावयाचा आणि जेवताना ताटाच्या कडेला काढून ठेवावयाचा. ज्या कोणाच्या घरात दररोज फोडणी होते त्याला ही युक्ती पुन्हा कधी विसरता येणार नाही. आणि दोन तुकड्यांपैकी एकात पहिल्या क्रमिकेचे पद गुणक म्हणून उरते, ते बेलगाम वाढत नाही हे कशावरून, असे विचारताच ‘परिबद्ध आहे, आत्ताच तर सिद्ध केले’ असा उत्साहाचा कल्लोळ उठला. दोन प्रमेये, जी पाठ्यपुस्तकात स्वतंत्र क्रमांक घेऊन शेजारी उभी असतात, ती एकमेकांच्या उपयोगी पडलेली त्या मुलांनी स्वतः पाहिली.

येथील अध्यापनाचे यंत्र हेच, आणि ते विलक्षण चिवट आहे. व्याख्या मांडली की लगोलग उदाहरण मागावयाचे, मग व्याख्येत न बसणारे उदाहरण, मग चित्र; प्रमेय मांडले की त्यातील प्रत्येक अट काढून पाहावयाची आणि काय ढासळते ते तपासावयाचे; आणि या सगळ्यात उत्तर विद्यार्थ्याच्या तोंडूनच यावयाचे, मग त्याला अर्धा तास लागो. दिवसभर व्याख्याने, त्यांना जोडून चर्चासत्रे, आणि रात्री वसतिगृहाच्या व्हरांड्यात, केरळ, बंगाल, विदर्भ, पंजाब येथून आलेली मुले त्याच प्रश्नांवर आपसांत हुज्जत घालीत बसलेली. पहिल्या आठवड्यात भराभर शिकून होत नाही याची चिंता वाटते, असे एका विद्यार्थ्याने सांगितले; तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याला आपण वर्षभर इतक्या भराभर शिकलो तरी कसे, याचे नवल वाटू लागले होते.

सर्वांत मोठ्या पदाविषयी ज्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारला होता, ती मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात शिकत होती. शाळेपर्यंतचे सर्व शिक्षण मराठीतून झालेले. “पहिले काही दिवस मी तोंडच उघडले नाही, काका,” ती म्हणाली. “प्रश्न सुचायचा, पण इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत कोणीतरी दुसराच तो विचारून टाकायचा. मग सरांनी सांगितले की मराठीत विचार, आपण मिळून इंग्रजीत करू.” तिला सर्वांत अधिक काय आवडले असे विचारल्यावर तिने काही क्षण विचार केला आणि सांगितले, की येथे चूक केल्यावर कोणी हसत नाही, फक्त ‘का?’ म्हणून विचारतात.

येथपर्यंत सगळे आनंदाचे आहे. काळजी यापुढची.

जून सरतो, आणि हीच मुले ज्या वर्गांत परत जातात तेथे एका सत्रात अनेक विषय उरकावयाचे असतात, प्रश्नसंच ठरलेले असतात, मार्गदर्शिकांतील उत्तरे ठरलेली असतात, आणि ‘का?’ हा प्रश्न बहुधा उद्धटपणा अथवा वेळेचा अपव्यय मानला जातो. चार आठवडे प्रश्न विचारण्याची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला उरलेले दहा महिने ती आवरावी लागते. काही जिद्दीने ती टिकवितात, मित्रांना जमवून रविवारी आपापले छोटे वर्ग चालवितात; बाकीचे पूर्वीच्याच चाकोरीत रुजू होतात. हा दोष उन्हाळी शाळेचा नव्हे. तथापि ज्या गोष्टीवर प्रत्येक पदवीधराचा हक्क असावयास हवा ती वर्षातून एकच महिना, तीही थोड्या निवडलेल्यांनाच मिळावी, ही परिस्थिती आपण समाधानाने स्वीकारावी असे मला वाटत नाही.

चालकांनाही याची जाणीव आहे. आठवड्याभराचे ‘मिनी-एम.टी.टी.एस.’ वर्ग निरनिराळ्या महाविद्यालयांत भरविले जातात, आणि महाविद्यालयीन शिक्षकांसाठी वेगळे प्रशिक्षणही योजिले जाते, कारण शिक्षक बदलल्याशिवाय दहा महिने बदलणार नाहीत हे उघड आहे. परंतु ज्या प्राध्यापकाच्या माथी तासांचे ओझे आहे, ज्याची नेमणूक वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर होते आणि सुट्टीत ज्याला वेतनच नाही, त्याने उन्हाळ्यात स्वखर्चाने शिकावयास जावे अशी अपेक्षा करणे कितपत न्याय्य आहे? महाराष्ट्रात अशा प्राध्यापकांची संख्या थोडी नाही. या प्रश्नाचे उत्तर गणिताच्या हाती नाही, शासनाच्या हाती आहे.

दुसरी अडचण निवडीची. अर्ज, गुणपत्रिका आणि प्राध्यापकांची शिफारस यांवर प्रवेश मिळतो, हा रिवाज रास्त आहे. परंतु ज्या महाविद्यालयात या उपक्रमाचे नावच पोहोचलेले नाही तेथील विद्यार्थ्याची शिफारस करणार कोण? मोठ्या शहरांतील नामांकित संस्थांच्या सूचनाफलकांवर ही माहिती दरसाल लागते. तालुक्याच्या ठिकाणी ती एखाद्या आस्थेवाईक प्राध्यापकावर अवलंबून राहते, आणि तो निवृत्त झाला की वाट बंद होते. मुलींच्या बाबतीत आणखी एक अडथळा उभा असतो, तो घरचा. परप्रांतात चार आठवडे मुलीला एकटी पाठविण्यास वडील राजी होत नाहीत, त्यातून उन्हाळा हा लग्नसराईचा हंगाम. त्या मराठवाड्यातील विद्यार्थिनीच्या घरी तिच्या महाविद्यालयातील बाई स्वतः जाऊन बसल्या, तेव्हा कोठे होकार मिळाला. ज्यांच्या घरी अशा बाई गेल्या नाहीत त्यांची गणती कोणत्याच दप्तरात होत नाही.

तिसरी अडचण पैशाची. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या कोणत्याही विद्याकार्याचा जमाखर्च एखाद्या वर्षी मंजुरीवाचून लटकून राहू शकतो, आणि निवास, भोजन व प्रवास यांचा भार विद्यार्थ्यावर येऊ लागला तर सर्वांत आधी गळतील ते नेमके ज्यांच्यासाठी हा खटाटोप आहे तेच. सुखवस्तू घरातील मुलाला उन्हाळ्यात शिकण्याच्या दहा वाटा खुल्या असतात. शेतमजुराच्या मुलीला ही एकच असते, आणि तिच्या वडिलांना महिनाभराच्या तिच्या मजुरीचाही त्याग करावा लागतो.

महाराष्ट्राला या बाबतीत स्वतःची अशी परंपराही आहे. श्रीराम अभ्यंकर यांनी 1976 साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापिले आणि तेथे शाळकरी वयापासून गणिताची गोडी लावणारे वर्ग चालत आले. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या सहकार्याने माधव गणित स्पर्धा सुरू केली. परंतु हे उपक्रम चालविणाऱ्या संस्था पुणे-मुंबईच्या परिसरात एकवटलेल्या आहेत. नांदेड, धुळे, गडचिरोली अथवा कणकवली येथे, मराठीतून प्रश्न विचारण्याची मुभा असलेली, चार आठवड्यांची उन्हाळी गणितशाळा भरविणे हे अशक्य कोटीतील काम नव्हे. वसतिगृहे त्या काळात रिकामीच असतात, फळे असतात, आणि शिकविण्यास उत्सुक असे एम.टी.टी.एस.चे जुने विद्यार्थी आता ठिकठिकाणी प्राध्यापक म्हणून रुजू आहेत.

तोवर माझी एक विनंती गणित विषयाच्या प्रत्येक महाविद्यालयीन शिक्षकाला आहे. या शाळेचे अर्ज उन्हाळ्याच्या पुष्कळ आधीच मागविले जातात. दिवाळीनंतर आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या वर्गात जाऊन या उपक्रमाची माहिती सांगावी, फळ्यावर जो विद्यार्थी ‘का?’ म्हणून अडून बसतो त्याचे नाव टिपून ठेवावे, त्याच्यासाठी शिफारसपत्र लिहावे, आणि ती विद्यार्थिनी असेल व घरून नकार आला असेल, तर एकदा तिच्या घरी जाऊन यावे.