लडाखचे काटेरी फळ आणि ते तोडणारे हात

संघटनेच्या कामात माझी तीस वर्षे गेली. कोणतीही वस्तू समोर आली, की ती कोणाच्या हातची आणि त्या हाताला काय मिळाले, हे विचारण्याची मला खोड लागली आहे. लेहहून आलेली नारिंगी रसाची बाटली पाहूनही ती सुटली नाही.

हा रस सी बकथॉर्नचा. लाहौलमध्ये याला छरमा म्हणतात. लडाखात सिंधू आणि नुब्रा यांच्या खोऱ्यांत, जिथे वर्षाकाठी जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस, तिथे नदीकाठच्या वाळूत हे झुडूप उभे राहते. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्म जीव हवेतला नत्र जमिनीत आणतात. मुळे वाळू धरून ठेवतात. काटेरी फांद्या शेताच्या गडग्यावर ठेवल्या की जनावर आत येत नाही, आणि वाळलेले लाकूड चुलीला होते. फळ अमची, म्हणजे तिथले वैद्य, खोकल्यावर, छातीच्या विकारांवर आणि अपचनावर देत आले आहेत.

100 ग्रॅम संत्र्यात सुमारे 50 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. या फळात ते जातीप्रमाणे कित्येक पटींनी अधिक भरते. आपल्या आवळ्याचाच हा थंड मुलुखातला सोबती म्हणा. शिवाय याच्या बीत तेल आणि गरातही तेल, ही गोष्ट फळांत दुर्मिळच. ई जीवनसत्त्व त्यात, आणि नारिंगी रंग देणारी कॅरोटिनेही. मात्र रस फार उकळला की क जीवनसत्त्व घटते. उत्तम अन्न म्हणून मी त्याला मानतो. सर्व रोग बरे करणाऱ्या जाहिरातीला मात्र लांबूनच नमस्कार!

लेहच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने कडाक्याच्या थंडीतही न गोठणारे पेय यातून केले, आणि 2001 च्या सुमारास 'लेह बेरी' बाजारात आली.

आता तोडणी. फळ वाटाण्याएवढे, देठ आखूड, साल पातळ, आणि भोवती काटे. हाताने खुडावे तर फुटते. म्हणून सप्टेंबरात बायका झुडपाखाली कापड अंथरून फांद्यांवर काठी मारतात, मग पाने-काटक्या निवडतात. हंगाम थोड्या आठवड्यांचा. अशा कामाला दर किलोवर लावला, की घाई होणार आणि अख्खी फांदीच कापली जाणार. फळ येते मागल्या वर्षीच्या फांदीवर. ती गेली की पुढचे पीक गेले. नर झाड वेगळे असते, त्याला फळ नाही. निरुपयोगी समजून ते जळणाला तोडले, तर माद्या वांझ राहतात. उक्त्या दराने माणूस आपलेच हत्यार कसे मोडतो, हे मी गिरणीच्या खात्यात पाहिले आहे. दोष मी काठी मारणाऱ्या बाईला देणार नाही.

जर्मनीतही फांद्या कापतात, गोठवतात आणि फळे झटकून घेतात. पण तिथे रांगांची लागवड आहे, आणि कापलेले झाड पुढे दोन-तीन वर्षे तोडीला घेत नाहीत.