त्रास खरा, करणारी खोटी

मराठवाड्यातल्या जळकोट, उदगीर, मुखेड, कंधार या पट्ट्यात एखाद्या घरातली सून भुंकायला लागली, लेकीच्या दंडावर काळ्या फुल्या उमटल्या किंवा दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याने पेट घेतला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘भानामती कुणी केली?’ त्रास केव्हापासून आहे, घरात काय चाललं आहे, तिला झोप येते का, हे कुणी विचारत नाही. थेट ‘कुणी’ विचारलं जातं. भानामतीबद्दल अनेक गैरसमज आहेत, पण बाकी सगळे ज्याच्या पोटातून निघतात तो मूळ गैरसमज हाच: त्रास आहे म्हणजे तो देणारं कुणीतरी असलंच पाहिजे. वस्तुस्थिती अशी आहे की त्रास खरा असतो आणि करणारी खोटी असते. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. त्यांतलं एकच धरलं की माणसं दोन टोकांना जातात. एका टोकाला ‘सगळं नाटक आहे’ म्हणून त्रासलेल्या मुलीला मारतात, दुसऱ्या टोकाला ‘हिनेच केलं’ म्हणून शेजारच्या म्हातारीला मारतात. दोन्हीकडे मार बाईलाच बसतो.

आधी जे डोळ्यांना दिसतं ते पाहू, कारण ‘आम्ही स्वतः पाहिलं’ हा सगळ्यात मोठा पुरावा म्हणून पुढे केला जातो. पाहिलं हे कुणी नाकारत नाही. प्रश्न आहे तो काय पाहिलं याचा. अंगावरच्या फुल्या घ्या. बिब्बा आपल्या घराघरांत ओळखीचा आहे. त्याच्या तेलाने कातडी पोळते, फोड येतो आणि काळा डाग राहतो. पण हे लगेच होत नाही. काही तासांनी, कधी दिवसा-दोन दिवसांनी होतं. त्यामुळे तेल लागलं तेव्हा कुणाचं लक्ष नसतं आणि डाग दिसतो तेव्हा आसपास कुणी नसतं, म्हणून फुली ‘आपोआप उमटली’ असं वाटतं. आता कपडे पेटण्याचं पाहू. बहुतेक वेळा पेटलेला कपडा सगळे पाहतात, पेटताना मात्र कुणी पाहिलेला नसतो. त्या मधल्या मिनिटाला एक काडी पुरते. काडीही लागत नाही असे पदार्थ आहेत: पिवळा फॉस्फरस हवेत साधारण ३० अंश सेल्सियसला स्वतःहून पेट घेतो, म्हणूनच तो पाण्याखाली ठेवतात, आणि मराठवाड्यात ३० अंश म्हणजे काही उन्हाळा नव्हे. डोळ्यांतून खडे पडतात, ते पापणीआड ठेवलेले असतात. जेवणात माती, पिठात केस, घरावर दगड, या सगळ्यांमागे कुणाचा तरी हात असतो आणि तो हात बहुधा त्याच घरातला असतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी मराठवाड्यात अशी अनेक प्रकरणं तपासली आहेत. त्यांचा अनुभव असा की घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने, शांतपणे बोललं आणि लक्ष ठेवलं की प्रकार थांबतात. एखादी अदृश्य शक्ती असती तर ती पहाऱ्याला का घाबरली असती, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारायला हवा.

इथे लगेच निष्कर्ष काढला जातो: ‘म्हणजे पोरगी लबाड आहे.’ हा निष्कर्ष पहिल्याइतकाच चुकीचा आहे आणि त्याने अधिक नुकसान होतं. स्वतःच्या दंडावर बिब्बा लावून घेणारी मुलगी मजेसाठी पोळून घेत नसते. नको असलेलं लग्न, नवऱ्याची मारहाण, मूल होत नाही म्हणून रोजचे टोमणे, शाळा सुटल्याचं दुःख, एखाद्या नातलगाकडून होणारा अत्याचार, यांतलं काहीही तोंडाने सांगायची सोय ज्या घरात नाही, त्या घरात शरीर बोलायला लागतं. भुंकणं, घुमणं, दातखीळ बसणं, हातपाय आखडणं हे तर बहुतेकदा जाणूनबुजूनही केलेलं नसतं. मन सहनशक्तीच्या पलीकडे गेलं की शरीरावरचा ताबा काही काळ सुटतो, हे मानसोपचारात सर्वमान्य आहे. आणि हा त्रास एकीकडून दुसरीकडे जातो. १९६२ च्या जानेवारीत तेव्हाच्या टांगानिकातल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या, काशाशा गावच्या मुलींच्या शाळेत तीन विद्यार्थिनींना हसू आवरेना. पाहता पाहता १५९ पैकी ९५ मुलींना ते लागलं आणि मार्चमध्ये शाळा बंद करावी लागली. विष, विषाणू, काही सापडलं नाही. मुलींवर ताण होता आणि एकीला पाहून दुसरीला होत होतं. आपल्याकडे एकापाठोपाठ चार घरांतल्या बाया भुंकायला लागतात, तेव्हा हेच घडत असतं.

भानामती खरोखरच कुणाच्या हातची शक्ती असती तर तिने प्रदेश पाहिला नसता. पण ती पाहते. भुंकणं, फुल्या, पेटणारे कपडे असा हा संच मराठवाड्यात आणि जुन्या निजामी मुलखातल्या शेजारच्या कन्नड-तेलुगू भागात आढळतो. तिथे तिला बाणामती म्हणतात. कोकणात तेवढंच दुःख असलेल्या बाईला देवचार दिसतो, मूठ मारल्याचा संशय येतो. नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत एखादीला डाकीण ठरवलं जातं. हिवताप कोकणात आणि जळकोटात सारखाच येतो, कारण तो डासाने येतो. त्रासाचं रूप भाषेबरोबर आणि प्रांताबरोबर बदलत असेल, तर ते रूप माणसाने लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींतून आलेलं असतं. आपण कसं कोसळायचं हेही आपण आपल्या आसपासच्यांकडून शिकतो.

‘डॉक्टरांना दाखवलं, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, मग हे बाहेरचंच नाही का?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. रक्त, लघवी आणि सोनोग्राफीत दुःख दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आले याचा अर्थ त्या तपासण्यांत बिघाड सापडला नाही एवढाच होतो. तिथून पुढचं काम मानसोपचारतज्ज्ञाचं असतं आणि आपण नेमके तिथेच वळून मांत्रिकाकडे जातो. दुसरा आक्षेप असा की मांत्रिकाकडे नेल्यावर फरक पडला. पडूही शकतो. महिनोन्महिने जिच्याकडे कुणी पाहिलं नाही, तिच्यासाठी सगळं घर कामं टाकून गाडी करून जातं, तिचा त्रास खरा मानतं. त्या लक्ष देण्याने काही दिवस बरं वाटतं. शिवाय असे त्रास चढ-उताराचे असतात आणि आपण उपाय शोधतो ते चढ असताना, त्यामुळे पुढचा उतार त्या उपायाच्या खात्यावर जमा होतो. पण मांत्रिक या दिलाशाची किंमत घेतो. ती फक्त पैशांत नसते. तो एक नाव देतो, किंवा ‘उत्तरेकडच्या घरातली, एकटी राहणारी’ अशी खूण देतो, आणि मग गाव ते नाव पुरं करतं.

ते नाव कुणाचं निघतं हे पाहिलं की या गैरसमजाचा खरा चेहरा दिसतो. विधवा, एकटी म्हातारी, मूल नसलेली, भाऊबंदकीत जमिनीचा वाटा मागणारी, गावकीत ज्याच्या बाजूने कुणी उभं राहणार नाही असं घर. करणीचा आळ सरपंचावर, सावकारावर किंवा आमदारावर येत नाही. शक्ती असल्याचा आरोप नेहमी सगळ्यात अशक्त माणसावर होतो, आणि हा आरोप खोटा असल्याचा याहून मोठा पुरावा शोधायची गरज नाही. अमेरिकेतल्या सेलम गावात १६९२ साली हेच झालं. काही मुलींना झटके यायला लागले. वडीलधाऱ्यांनी ‘कोण करतंय?’ असं विचारलं. पहिली तीन नावं निघाली ती एका गुलाम बाईची, एका भीक मागणारीची आणि एका आजारी बाईची. शेवटी १९ जणांना फासावर चढवलं गेलं. पाच वर्षांनी त्या खटल्यांतल्या ज्युरींनी लेखी माफी मागितली; फाशी गेलेल्यांना तिचा काय उपयोग? आणि ही गोष्ट तीनशे वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात खुनाच्या कारणांमध्ये ‘चेटूक’ हा वेगळा रकाना आजही आहे आणि त्यात २०२१ साठी ६८ तर २०२२ साठी ८५ बळींची नोंद आहे. मार खाऊन वाचलेल्या आणि गाव सोडून गेलेल्या यांत नाहीत.

आता कायद्याबद्दल. ‘सरकारने जादूटोणाविरोधी कायदा केला म्हणजे जादूटोणा असतो हे सरकारनेच मान्य केलं’ असा युक्तिवाद मोठ्या विजयी सुरात केला जातो. या कायद्यासाठी लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाल्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्याची अनुसूची कुणीही वाचावी. तिच्यात जादू करण्याला कुठेही शिक्षा नाही. शिक्षा आहे ती भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारण्याला, मिरचीची धुरी देण्याला, अंगात शक्ती संचारल्याचं भासवून धमकावण्याला, आणि एखादी व्यक्ती करणी करते किंवा मंत्राने जनावराचं दूध आटवते असं जाहीर करून तिचं जगणं कठीण करण्याला. म्हणजे गुन्हा दावा करणाऱ्याचा आणि आळ घेणाऱ्याचा आहे. शिक्षा किमान सहा महिने, कमाल सात वर्षं, आणि गुन्हा अजामीनपात्र. ब्रिटिश संसदेने हे वळण १७३५ साली घेतलं होतं: चेटकिणींना मरणाची शिक्षा देणारे जुने कायदे तिने रद्द केले आणि त्याऐवजी चेटकाची शक्ती असल्याचं ढोंग करणं हा गुन्हा ठरवला. चेटूक असतं हे मानणं कायद्याने तेव्हाच सोडलं.

तो ब्रिटिश कायदा १९५१ साली रद्द झाला, आणि इथून मोबाइलवर वाचणाऱ्या मुलामुलींचा एक नवा प्रश्न सुरू होतो: ‘परदेशात तर विक्का नावाचा चेटकिणींचा मान्यताप्राप्त धर्म आहे, मग चेटूक खोटं कसं?’ विक्का हा विसाव्या शतकातला धर्म आहे. जेराल्ड गार्डनर या इंग्रज गृहस्थाने १९५४ च्या पुस्तकातून तो जगापुढे आणला. ऋतूंचे सण, चंद्राच्या तिथी, एक देव आणि एक देवी, निसर्गाची पूजा असं त्याचं स्वरूप आहे; सैतान ही ख्रिस्ती कल्पना, ती त्यात नाही, आणि कुणाला इजा करू नये हा त्यांचा मुख्य नियम. विक्काला मान्यता आहे ती उपासनेच्या स्वातंत्र्यापोटी. तिथल्या कुठल्याही न्यायालयाने मंत्राने कपडे पेटतात असा निवाडा दिलेला नाही. युरोपात १४५० ते १७५० च्या दरम्यान चेटकीण म्हणून मारली गेलेली चाळीस ते साठ हजार माणसं गुप्त निसर्गधर्माची होती, असा सिद्धान्त मार्गारेट मरे यांनी १९२१ मध्ये मांडला होता. इतिहासकारांनी तो पुराव्याअभावी फेटाळला. मेलेल्या बहुतेक बाया साध्या, चर्चला जाणाऱ्या गावकरी होत्या. आजची विक्कन बाई ते नाव स्वतः घेते आणि सुखाने आपल्या घरी राहते. आपल्याकडे ते नाव दुसरे लादतात आणि घर सुटतं. या दोन गोष्टी एका तागडीत घालता येत नाहीत.

उरलेले गैरसमज थोडक्यात. हा कायदा हिंदूंविरुद्ध आहे: वटहुकमानंतर सप्टेंबर २०१३ मध्ये आपल्या नांदेडलाच दाखल झालेला पहिला गुन्हा एड्स आणि कर्करोगावर चमत्कारी औषध विकणाऱ्या दोन मुस्लिम व्यक्तींवर होता. वारी, भजन, कीर्तन यांच्यावर बंदी आली: यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, उपासना, मिरवणुका, लहान मुलांचे कान टोचणं, हे सगळं कायद्याने नाव घेऊन वगळलं आहे. भानामती अडाण्यांनाच होते: शिकलेल्या घरातही होते, कारण तोंड दाबून ठेवण्याची रीत शिक्षणाने आपोआप जात नाही. साप चावल्यावर आधी मंत्र, मग दवाखाना: सापाच्या, कुत्र्याच्या किंवा विंचवाच्या दंशावर उपचार घेण्यापासून रोखणं हा याच कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्या उशिराने माणूस मरतो. शक्ती आहे पण दाखवता येत नाही: बुद्धिवादी अब्राहम कोवूर यांनी १९६३ मध्ये श्रीलंकेत एक लाख रुपयांचं आव्हान दिलं, महाराष्ट्रातल्या चळवळींनीही लाखोंची बक्षिसं लावली, आणि एकाही मांत्रिकाने ती घेतलेली नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी घरात असं काही घडलं तर करण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. पोळलेल्या जागेवर दवाखान्यात इलाज करावा. आगीच्या आणि बिब्ब्याच्या वस्तू हाताशी राहणार नाहीत हे पाहावं. गर्दी हटवावी, कारण बघ्यांनी त्रास वाढतो. त्या मुलीशी तिच्या विश्वासातल्या एका माणसाने, घरातल्यांना बाहेर ठेवून बोलावं, आणि ती जे सांगेल ते मान्य करण्याची तयारी ठेवावी, मग ते आपल्याच घरातल्या माणसाविरुद्ध का असेना. लातूर आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. जाणं जमत नसेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस सेवेच्या फोनवर मोफत सल्ला मिळतो. कुणाच्या नावाने आळ उठला तर त्या घरापाशी उभं राहावं आणि पोलिसांत जावं. या कायद्यासाठी दक्षता अधिकारी नेमलेले आहेत. ‘कुणी केली?’ या प्रश्नाने आजवर एकही लेक बरी झालेली नाही आणि कितीतरी म्हाताऱ्यांचं गाव तुटलं आहे. त्याऐवजी ‘तुला काय होतंय?’ असं तिलाच विचारायला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही. उत्तर ऐकायची हिंमत मात्र घरातल्या मोठ्यांनीच दाखवायची आहे.