व्हॅनेडियम: ठिणगी विकराची, माळ कोणाची?

"व्हॅनेडियमच्या गोळीने साखर उतरते म्हणतात, घेऊ का?" हा प्रश्न तुमच्यापैकी काहींनी विचारलाय. त्याचं उत्तर आज पेशीपटलापर्यंत जाऊन शोधू.

मी राहतो चेन्नईत. शहराच्या उत्तरेला मणली आहे. हिमाचलची मनाली नव्हे, ही तेल शुद्धीकरणाची मणली! कच्च्या तेलात व्हॅनेडियम अगदी थोडं असतं; शुद्धीकरणात ते तळाच्या जड तेलात साठतं. ते जाळलं की राखेत व्हॅनेडियमचं ऑक्साइड उरतं. मग हाच धातू पेशीत शिरला तर काय करतो?

त्याचं एक रूप म्हणजे व्हॅनेडेट. त्याची ठेवण फॉस्फेटसारखी, त्यामुळे फॉस्फेटवर काम करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, फसतात. इन्शुलिनचा निरोप पुसणारी काही विकरं अशीच अडकतात. निरोप जास्त वेळ टिकतो आणि साखर उतरते. 1899 साली फ्रान्समधल्या लियॉनच्या डॉक्टरांनी मधुमेही रुग्णांना व्हॅनेडेट देऊन पाहिलं होतं. तेव्हा इन्शुलिनचा शोधही लागला नव्हता.

आता दुसरी बाजू. एनएडीएच हा पेशीतला इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू. पेशीपटलाच्या नमुन्यात एनएडीएच घातलं तर त्याचं ऑक्सिडीकरण हळूहळू होतं. व्हॅनेडेट मिसळलं की वेग एकदम वाढतो, ऑक्सिजन खर्च होतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले टी. रामशर्मा आणि त्यांचे सहकारी यांनी 1980 च्या दशकात या क्रियेचा पाठपुरावा केला.

सरळ अर्थ असा वाटतो, की व्हॅनेडेटने पटलातल्या विकराचा वेग वाढवला. पण अमेरिकेत फ्रिडोविच यांच्या गटाने वेगळंच दाखवलं. या मिश्रणात सुपरऑक्साइड डिसम्युटेज घातलं, की वाढलेला वेग जवळजवळ थांबतो. हे विकर सुपरऑक्साइड नष्ट करतं. म्हणजे खरा कर्ता सुपरऑक्साइड!

दिवाळीतली लवंगी फटाक्यांची माळ आठवा. उदबत्ती एकाच वातीला लागते, पुढचे फटाके एकमेकांना पेटवतात. पटलातलं विकर ही उदबत्ती: ते थोडं सुपरऑक्साइड देतं. सुपरऑक्साइड व्हॅनेडेटला चिकटून एनएडीएचमधून एक इलेक्ट्रॉन काढतं. उरलेला अर्धवट रेणू तो दुसरा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देतो आणि नवं सुपरऑक्साइड जन्मतं. झाली माळ सुरू! डिसम्युटेज ही माळ मधेच तोडतं. म्हणून प्रयोगात मोजलेला सगळा वेग विकराचा समजायचा नाही.

गंमत म्हणजे तयार झालेलं पेरॉक्साइड व्हॅनेडेटशी जुळून पेरॉक्सोव्हॅनेडेट बनतं, आणि ते इन्शुलिनसारखं काम व्हॅनेडेटपेक्षाही जोरात करतं. पण पेरॉक्साइड आणि सुपरऑक्साइड जास्त झाले तर पटलातली मेदद्रव्यं आणि प्रथिनं बिघडतात. गुण आणि घात एकाच भांड्यात शिजतात.

परीक्षानळीतली माळ शरीरात तशीच पेटेल असं नाही. आपल्या पेशींत डिसम्युटेज असतं, आणि व्हॅनेडेटचं प्रमाण तिथे खूपच कमी असतं. पण म्हणूनच मात्रा महत्त्वाची. तेव्हा मंडळी, साखरेची चालू औषधं बंद करून व्हॅनेडियमची गोळी सुरू करू नका. आधी डॉक्टरांना विचारा, आणि घेत असाल तर त्यांच्यापासून लपवू नका. भेटू पुढच्या भागात.