अंबाडोंगर: फ्ल्युओराइटची खाण आणि तिचा खडक

गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात नर्मदेच्या उत्तरेस असलेला अंबाडोंगर खाण व्यवसायाला फ्ल्युओराइटमुळे परिचित झाला असला, तरी भूविज्ञानाच्या दृष्टीने तेथील खरे नवल ते खनिज ज्या खडकात साठले त्या खडकाचे आहे. हा खडक म्हणजे कार्बोनेटाइट, अर्थात निम्म्याहून अधिक भाग कार्बोनेट खनिजांचा असलेला अग्निजन्य खडक होय. दिसायला तो चुनखडकासारखा असतो, पण समुद्रतळावर साचून नव्हे तर शिलारस थिजून बनतो. अंबाडोंगरचा कार्बोनेटाइट 1963 मध्ये जी. आर. उदास आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील आर. एन. सुखेस्वाला यांनी प्रकाशात आणला.

शिलारस वर चढताना क्रिटेशस काळातील बाघ थरांचे वालुकाश्म व चुनखडक घुमटासारखे उचलले गेले आणि त्यांना पडलेल्या वर्तुळाकार भेगांत कार्बोनेटाइट शिरून वलयभित्ती, म्हणजे कड्याच्या आकाराची उभी भिंत, तयार झाली; वलयाच्या मध्यभागी मात्र बेसाल्ट आढळतो. आरगॉन समस्थानिकांच्या पद्धतीने या खडकांचे वय सुमारे 6.5 कोटी वर्षे ठरले असून ते दख्खनच्या लाव्हा उद्रेकांच्या काळाशी जुळते, म्हणजे महाराष्ट्राचे पठार घडवणाऱ्या घडामोडींचाच हा एक आडवळणाचा अध्याय आहे.

फ्ल्युओराइट हे कॅल्शियम आणि फ्ल्युओरीन यांचे संयुग असून त्याचे काठिण्य मोजच्या श्रेणीत 4, म्हणजे कॅल्साइटपेक्षा अधिक पण क्वार्ट्झपेक्षा बरेच कमी आहे. त्याचे स्फटिक बहुधा घनाकार असतात, तथापि ते फुटतात अष्टफलकाच्या पृष्ठांना समांतर, आणि हे चार दिशांचे पाटन त्याची विश्वसनीय ओळख मानले जाते. रंगावर मात्र भिस्त ठेवू नये, कारण एकाच खाणीत ते रंगहीन आणि जांभळे अशा दोन्ही रूपांत सापडते.

अंबाडोंगरचे फ्ल्युओराइट शिलारसातून थेट स्फटिकले नाही. स्फटिकांत अडकून राहिलेल्या सूक्ष्म द्रवथेंबांच्या अभ्यासावरून ते सुमारे 150 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानाला तयार झाल्याचे दिसते. शिलारसाच्या अखेरच्या अवस्थेतील फ्ल्युओरीनयुक्त द्रव वर चढताना पावसाचे झिरपलेले पाणी त्यात मिसळले, मिश्रण निवले आणि फ्ल्युओराइट खाली बसू लागले, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणूनच ते शिरांत व पोकळ्यांत, विशेषतः कार्बोनेटाइट आणि वालुकाश्म यांच्या संपर्कपट्ट्यात, क्वार्ट्झ, कॅल्साइट व बॅराइट यांच्या संगतीत आढळते.

ही संगत शुद्धीकरणाला जाचक ठरते. खनिजसाठा सुमारे 1 कोटी 16 लाख टन सांगितला जातो, परंतु त्यात कॅल्शियम फ्ल्युओराइड सरासरी 30 टक्केच आहे, तर हायड्रोफ्ल्युओरिक आम्लाच्या निर्मितीला साधारण 97 टक्के शुद्धतेचा माल लागतो. गुजरात मिनरल डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनच्या कडीपाणी येथील प्रकल्पात यासाठी फेस-प्लवन पद्धत वापरली गेली. तीत खनिजाची बारीक पूड पाण्यात ढवळून रसायनांच्या साहाय्याने हवे ते कण फेसाबरोबर वर आणले जातात. कॅल्साइट व फ्ल्युओराइट या दोहोंतही कॅल्शियम असल्याने रसायने दोघांनाही चिकटू पाहतात, आणि शुद्धीकरणाची खरी परीक्षा तेथेच होते.

पायरोक्लोर हे नायोबियमचे खनिज, अ‍ॅपॅटाइट आणि विरल मृत्तिका मूलद्रव्यांची बास्टनेसाइटसारखी खनिजेही याच खडकात आहेत, आणि आता महामंडळाचे लक्ष त्या मूलद्रव्यांकडे वळले आहे. खडकाचा विचार मागे ठेवून केवळ फ्ल्युओराइटच्या टनांत अंबाडोंगरचे मोल करणे अपुरेच होते.