ब्रेक तारेचा की तेलाचा?

बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरकडे जाणाऱ्या जीपचा चालक ब्रेकवर पाय ठेवतो, तेव्हा त्या पायाला बरेच काही कळत असते. पेडल मऊ लागले की नळीत हवा शिरली असावी, हे तो ताबडतोब ओळखतो. आता रेडिओने चालणारा, पेट्रोल इंजिनाचा, दहाबारा किलो वजनाचा छोटा ट्रक घेऊ. (त्याला खेळणे म्हणणाऱ्यांनी तो एकदा भरधाव पळताना पाहावा.) याचा चालक हातात पेटी घेऊन शंभर पावलांवर उभा; ब्रेक ओढते ती एक लहानशी मोटर. तिला काय जाणवणार?

तारेचा ब्रेक म्हणजे सायकलचीच युक्ती. तार ताणते, वाकणात घासते, आणि पुढची चाके वळली की तिची ओढ बदलते. एक चाक आधी धरले तर गाडी त्या बाजूला खेचली जाते. तेलाचे तसे नाही. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सर्वत्र सारखा पोचतो, हे पास्कालने सतराव्या शतकातच सांगितले. मग नळी कशीही वळवा. पण तेल दबत नाही, हवा दबते. नळीत बुडबुडा राहिला तर मोटरचा जोर तो दाबण्यातच खर्च होतो. ढिली तार निदान डोळ्यांना दिसते. बुडबुडा दिसत नाही.

म्हणून ब्रेक मागच्याच चाकांना असेल तर आम्ही तार पुरेशी मानतो. पुढच्या चाकांनाही हवा असेल तर तेल घ्यावे. मात्र दर खेपेस इंजिन सुरू करण्यापूर्वी ब्रेक लावून गाडी हाताने ढकलून पाहावी. चाके फिरली तर आधी नळीतील हवा काढावी.